बँडविड्थ किती द्यायची, ते ठरवतं कोण?

कंटेंट डिलिव्हरी नेटवर्क, म्हणजे सीडीएन, यावर वाचायला घेतलं की पहिली भेट अकामाईशी होते. एमआयटीतले टॉम लेटन आणि डॅनी लुईन, 1997 चा कन्सिस्टंट हॅशिंगचा पेपर, 1998 मध्ये कंपनी. ते वाचाच. पण स्ट्रीमिंगचा इतिहास समजून घ्यायचा तर माझ्या मते प्रश्न वेगळा विचारावा लागतो: बघणाऱ्याला सेकंदाला किती बिट पाठवायचे, हे ठरवतं कोण?

सुरुवातीला सर्व्हर ठरवायचा. 1995 मध्ये रिअलऑडिओ आलं, 1998 मध्ये आरटीएसपी हा प्रोटोकॉल प्रसिद्ध झाला. या पद्धतीत स्ट्रीमिंग इंजिन प्रत्येक प्रेक्षकाची नोंद ठेवतं: कुठपर्यंत पाठवून झालं, पॉझ केलंय का, वगैरे. प्रेक्षक वाढले की ही नोंदही वाढत जाते. शिवाय सीडीएनचे नेहमीचे सर्व्हर साध्या फायली साठवून देण्यासाठी असायचे, त्यामुळे स्ट्रीमिंगसाठी वेगळे सर्व्हर सांभाळावे लागत.

यावर निघालेला उपाय जुगाडच वाटतो. व्हिडिओचे काही सेकंदांचे तुकडे करा, प्रत्येक तुकडा वेगवेगळ्या दर्जांत तयार ठेवा आणि साध्या एचटीटीपीने फाईल म्हणून द्या. मायक्रोसॉफ्टचं स्मूथ स्ट्रीमिंग 2008 चं, ॲपलचं एचएलएस 2009 चं, डॅश हे मानक 2012 चं. आता सर्व्हरला कुणाचंच काही लक्षात ठेवायला नको. पुढचा तुकडा कुठल्या दर्जाचा मागायचा, हे बघणाऱ्याकडचा प्लेअर ठरवू लागला.

पण प्लेअरला बँडविड्थ कळणार कशी? मागचा तुकडा किती वेळात उतरला, त्यावरून. सरळ वाटतं ना? 2012 मध्ये स्टॅनफर्डच्या ते-युआन हुआंग आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की घोळ इथेच आहे. समजा, त्याच लाइनवर कुणीतरी मोठी फाईल डाउनलोड करतंय. प्लेअरचा बफर भरला की तो काही सेकंद गप्प बसतो. तेवढ्यात दुसरं डाउनलोड सगळी जागा व्यापतं, आणि इकडे टीसीपी आपला वेग शून्यापासून उभा करायला लागतं. वेग जमेपर्यंत तुकडा उतरूनही होतो. मोजमाप कमी येतं, म्हणून प्लेअर खालचा दर्जा मागतो. तो तुकडा आणखी लहान, म्हणून वेग घ्यायला वेळ आणखी कमी, म्हणून मोजमाप आणखी कमी. बँडविड्थ होती, मोजण्याच्या पद्धतीमुळेच ती दिसेनाशी झाली! संशोधनात येऊ पाहणाऱ्या प्रत्येकाने हा पेपर वाचावा, विषय कुठलाही असो.

2014 मध्ये याच गटातून उत्तरही आलं: बँडविड्थचा अंदाज जवळजवळ सोडून द्या, बफर किती भरलाय तेवढं बघा. नेटफ्लिक्सच्या पाच लाखांहून जास्त प्रेक्षकांवर हे करून पाहिलं, तेव्हा व्हिडिओ अडकण्याचं प्रमाण 10 ते 20 टक्क्यांनी घटलं.

पुढे मशीन लर्निंगची लाट आली. 2017 चं एमआयटीचं पेन्सीव्ह सिम्युलेटरमध्ये शिकून तयार झालं होतं. मग स्टॅनफर्डच्याच पफर प्रकल्पाने यादृच्छिक चाचणी घेतली: 63,508 लोक, एकूण 38.6 वर्षं चालेल एवढा व्हिडिओ. 2020 च्या त्यांच्या पेपरनुसार, सिम्युलेटरमध्ये चमकलेल्या पद्धतींना खऱ्या इंटरनेटवर त्या साध्या बफरवाल्या पद्धतीला मागे टाकणं जड गेलं. त्यांची स्वतःची पद्धत सरस ठरली, पण ती खऱ्या प्रेक्षकांच्याच डेटावर शिकलेली होती.

म्हणजे शेवटी सगळं प्लेअरच ठरवतो का? तसंही नाही. लॉकडाऊनच्या तोंडावर, 24 मार्च 2020 ला, भारतातल्या मोठ्या व्हिडिओ कंपन्यांनी मिळून ठरवलं की 14 एप्रिलपर्यंत मोबाईल नेटवर्कवर 480पी पेक्षा वरचा दर्जा द्यायचा नाही. अशा वेळी प्लेअरच्या अल्गोरिदमला हातही लावावा लागत नाही. त्याला मिळणाऱ्या यादीतून वरचे दर्जे वगळले की काम झालं. दर्जा निवडण्यावरचे पेपर वाचताना बघा, ही यादी बहुतेक वेळा आधीच ठरलेली म्हणून गृहीत धरलेली असते. ती कशी बनते हे बघायचं असेल, तर नेटफ्लिक्सने 2015 मध्ये प्रत्येक चित्रपटासाठी वेगळी यादी बनवायला घेतली, तिथून वाचायला सुरुवात करा.