पायाखालचा नकाशा

नाशिक शहराचा सर्वेक्षण खात्याचा नकाशा मागितला, तर एका कागदात गाव मावत नाही. २० अंश उत्तर अक्षवृत्त आपल्या गावातून जातं आणि भारतीय सर्वेक्षण विभागाच्या क्रमांकपद्धतीत तीच रेषा दोन मोठ्या पत्रकांची शीव आहे. म्हसरूळ ४६ एच मध्ये, नाशिकरोड ४७ ई मध्ये. भूगोलाच्या तासाला समोच्च रेषा पाठ करणाऱ्या आपल्या तुकडीला ही गंमत तेव्हा कुणी सांगितली असती, तर बाईंना निदान दोन दिवस तरी आपल्याला गप्प करावं लागलं नसतं!

मला ती सांगितली आपल्याच वर्गातल्या एका मैत्रिणीनं. आपण बरेच जण इंजिनिअरिंगला गेलो, ती भूगर्भशास्त्राला गेली. नाव छापायचं नाही अशी तिची अट आहे, पण जुन्या मित्रमैत्रिणी ओळखतीलच. मी नकाशे दाखवणारं सॉफ्टवेअर लिहिते, ती नकाशे चालून काढायला विद्यार्थ्यांना शिकवते. स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला तेव्हा वाटलं, स्वतःच्या नोकरीपेक्षा तिच्या विद्येचा इतिहास सांगावा. तो आपल्या डोंगरांचाही इतिहास आहे.

विल्यम स्मिथ या सर्वेक्षकानं १८१५ मध्ये इंग्लंड-वेल्सचा भूशास्त्रीय नकाशा प्रसिद्ध केला. कालव्यांच्या कामावर हिंडताना खडकांचे थर ठरावीक क्रमानं येतात हे त्याच्या ध्यानात आलं होतं. जमिनीवर जिथे जिथे कातळ उघडा दिसतो तिथे जायचं, तो ओळखायचा, कागदावर मांडायचा आणि मधल्या झाकलेल्या जागेत काय असेल याचा तर्क करायचा, ही रीत तेव्हापासून फारशी बदललेली नाही. भारतात १८५१ मध्ये टॉमस ओल्डहॅम आले आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभाग उभा राहिला. हेन्री मेडलिकॉट १८५४ पासून रुरकीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात भूशास्त्र शिकवत आणि हिमालयाच्या पायथ्याचे खडकही धुंडाळत.

पण हातोडा कुणाच्या हाती द्यायचा, हा प्रश्न होताच. १८७३-७४ मध्ये राम सिंग, किशन सिंग आणि हिरा लाल हे तिघे भारतीय या खात्यात शिकाऊ म्हणून लागले. अधिकारी म्हणून पहिला भारतीय नेमला गेला तो १८८० मध्ये, प्रमथनाथ बोस. लंडनमध्ये शिकलेल्या बोस यांनी नर्मदेच्या खालच्या खोऱ्याचा नकाशा केला. आपल्या दख्खनच्या काळ्या कातळाची तिकडची कड त्यात येते. १९०३ मध्ये त्यांना डावलून त्यांच्याहून कनिष्ठ असलेल्या टॉमस हॉलंड यांना संचालक केलं गेलं, तेव्हा बोस यांनी नोकरी सोडली. पुढच्याच वर्षी मयूरभंजच्या लोहखनिजाबद्दल त्यांनी जमशेटजी टाटांना पत्र लिहिलं. टाटांच्या पोलाद कारखान्याच्या कथेत ते पत्र आजही सांगितलं जातं.

शिक्षक म्हणून मला मोठे वाटतात ते दाराशॉ नौशेरवान वाडिया. १९०७ मध्ये ते जम्मूच्या प्रिन्स ऑफ वेल्स कॉलेजात शिकवायला गेले. कॉलेजाच्या दारातच शिवालिकच्या टेकड्या. सुट्ट्यांत ते त्या पायी पालथ्या घालत. विद्यार्थ्यांना भारतातल्या उदाहरणांचं पुस्तक हवं म्हणून त्यांनी स्वतःच लिहिलं. ते १९१९ मध्ये प्रसिद्ध झालं आणि पुढे कित्येक पिढ्यांनी वाचलं. सर्वेक्षण विभागात ते १९२१ मध्ये गेले, वयाच्या अडतिसाव्या वर्षी. आपल्या बॅचमध्ये चाळिशीत नवी वाट धरणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं.

आता आपल्या घाटाकडे वळू. दख्खनच्या या थरांवर कर्नल साइक्स यांचा लेख १८३० च्या दशकातच लंडनला छापला गेला होता. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर पसरत गेला. आज उरलेला भाग सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर आहे. थर जवळजवळ आडवे, रंगानं काळे-करडे, दिसायला एकमेकांचे सख्खे भाऊ. म्हणूनच विद्यार्थ्यांची खरी परीक्षा इथे होते. ४७ ई/१० हे पत्रक घ्या. इगतपुरी आणि १,६४६ मीटर उंचीचं कळसूबाई ही दोन्ही त्या एकाच कागदावर आहेत. पायथ्यापासून शिखरापर्यंत चढत जायचं आणि एक थर कुठे संपला, दुसरा कुठे सुरू झाला हे उंचीसह वहीत टिपायचं.

ओळखायच्या खुणा साध्या असतात. थराचा मधला भाग घट्ट, माथा बुडबुड्यांच्या पोकळ्यांनी भरलेला. पोकळ्या पांढऱ्या खनिजांनी भरल्या की विहीर खोदणारे त्याला मांजऱ्या म्हणतात. दोन थरांमध्ये कधी विटेसारखा लाल मातीचा पट्टा दिसतो. इगतपुरीच्या बाजूला काही थरांत काही सेंटिमीटर लांबीचे पांढरट स्फटिक कातळात रोवल्यासारखे असतात. असा थर सापडला की मुलं हरखतात, कारण तो मैलाच्या दगडासारखा दूरवर ओळखता येतो. त्यातल्या एका थराला थळघाटाचंच नाव आहे. १९८६ मध्ये बीन, हूपर, मुंबई आयआयटीचे के. व्ही. सुब्बाराव आणि सहकाऱ्यांनी पश्चिम घाटातल्या थरांची जी क्रमवारी छापली, तिच्यात जव्हार, इगतपुरी, नेरळ, भीमाशंकर ही गावांची नावं थरसमूहांना आहेत. नुसत्या डोळ्यांनी थर वेगळे होत नाहीत म्हणून नमुन्यांचं रासायनिक पृथक्करणही केलं गेलं. पण नमुना कुठल्या उंचीवरून उचलला, हे पायांनीच ठरवावं लागलं.

या शिबिरांना मुलींनी जाणं हे आपल्या काळात सोपं नव्हतं. पंधरा दिवस डोंगरात, मुक्काम एखाद्या गावच्या शाळेत, हे ऐकून मैत्रिणीच्या घरी आठवडाभर अबोला होता. शेवटी तिची आजी म्हणाली, ‘‘आम्ही सरपणाला डोंगरातच जायचो की, तेव्हा कुणी विचारलं नाही.’’ ती गेली. १९५२ च्या खाण कायद्यानं स्त्रियांना भूमिगत खाणीत काम करायला असलेली मनाई तर थेट २०१९ मध्ये शिथिल झाली.

मी तिला एकदा विचारलं, आता उपग्रहाची चित्रं आहेत, भूकोश पोर्टलवर नकाशे आहेत, मुलांना उन्हात कशाला हिंडवतेस? तिनं मला हिशेब करायला लावला. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यात माळीण दरडीखाली गेलं, दीडशेहून अधिक माणसं गेली. त्याच वर्षी भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागानं देशभर दरडप्रवण भागांचं नकाशांकन १:५०,००० प्रमाणावर हाती घेतलं. या प्रमाणावर कागदावरचा १ मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे ५० मीटर. डोंगरकुशीतली एखादी वाडी त्यात दोन-चार मिलिमीटरची. भाग धोक्याचा आहे हे नकाशा सांगेल. मात्र वाडीच्या डोक्यावरची भेग कुठून कुठे जाते, लाल पट्ट्यावरून पाणी कुठे झिरपतं, हे तिथे चढून गेलेलं माणूसच टिपेल. माझं सॉफ्टवेअर तिनं टिपलेलं दाखवतं. टिपलंच नाही, तर पडद्यावर नुसता गुळगुळीत रंग दिसतो आणि तो खराच वाटतो, हे या धंद्यातली म्हणून मला चांगलं ठाऊक आहे.

सर्वेक्षण विभागाची प्रशिक्षण संस्था १९७६ पासून हैदराबादला आहे, कॉलेजांची शिबिरंही होतात. पण माणसं तिथवर पोचायची तर ओढ शाळेत लागायला हवी. म्हणून स्नेहमेळाव्यासमोर एक सूचना ठेवते. शाळेला आपण जी भेट देणार आहोत, तीत नाशिकची दोन्ही पत्रकं, दहा होकायंत्रं आणि दहा भिंगं असावीत. हिवाळ्यात एक दिवस नववीच्या मुलामुलींना पांडवलेण्याच्या डोंगरावर नेऊ. बाई येणार असतील, तर आमची मैत्रीण शिकवायला तयार आहे. डबे मी आणीन.