खानदेशातला निवृत्त शिपाई

लढाई संपली की आपला इतिहास पुढच्या लढाईकडे वळतो. मधल्या काळात शिपायाचे काय झाले, हे सांगायचे बहुधा राहून जाते. धुळे जिल्ह्यात शिरपूर तालुक्यात तापीच्या काठावर थाळनेर आहे. तिथे फारुकी सुलतानांच्या कबरी आजही दाखवल्या जातात. ज्या किल्ल्याने या गावाला इंग्रजी इतिहासात जागा मिळवून दिली, त्याची शिबंदी मात्र कुठे पुरली गेली हे सांगणारा एकही दगड आम्हाला तिथे आढळला नाही.

२७ फेब्रुवारी १८१८ रोजी सर टॉमस हिस्लॉपची फौज थाळनेरपुढे आली. होळकरांनी जानेवारीतल्या मंदसोरच्या तहात हा मुलूख इंग्रजांना देऊन टाकला होता. किल्लेदाराने तो मान्य केला नाही. शरणागतीची बोलणी सुरू असताना काही इंग्रज अधिकारी दरवाजातून आत शिरले. तिथे झटापट झाली आणि मेजर गॉर्डन व कॅप्टन मॅक्ग्रेगर मारले गेले. त्यानंतर अरब आणि इतर शिपाई मिळून सुमारे ३०० जणांची शिबंदी कापून काढण्यात आली आणि किल्लेदाराला फाशी दिले. पुढच्या वर्षी ब्रिटिश पार्लमेंटने फौजेचे आभार मानले, पण थाळनेरची फाशी त्या आभारांत धरू नये अशी पुस्ती जोडावी लागली. पार्लमेंटला खटकली ती किल्लेदाराची फाशी. शिपाई कोणाचे होते, त्यांच्या बायकामुलांचे काय झाले, हा प्रश्न तेव्हाही गौण होता. त्यांचा धनी तहात मोकळा झाला होता. चाकर तेवढे किल्ल्यात राहिले.

युरोपात हा प्रश्न आधीच राज्यकर्त्यांपुढे आला होता. १६७० मध्ये चौदाव्या लुईने पॅरिसमध्ये अपंग आणि वृद्ध सैनिकांसाठी एक प्रचंड इमारत बांधण्याचा हुकूम दिला, आणि १६७४ मध्ये, म्हणजे रायगडावर राज्याभिषेक झाला त्याच वर्षी, पहिले सैनिक तिथे राहायला आले. इंग्लंडमध्ये चेल्सीचे रुग्णालय १६८२ मधले. अमेरिकेत यादवी युद्धानंतर तर राज्याराज्यांनी आपापले सैनिकाश्रम उभारले आणि त्यांच्या आवारात दफनभूमीही राखल्या. आपल्याकडे असे का घडले नाही, हे विचारताना आपल्याकडे काहीच नव्हते असे मात्र समजू नये. मराठेशाहीत लढाईत पडलेल्या माणसाच्या अज्ञान मुलांसाठी 'बालपरवेशी' म्हणून नेमणूक करून देण्याची रीत होती. कोणाला जमीन मिळे, कोणाला रोख. राज्याने छप्पर दिले नाही, घर चालवण्याची सोय दिली. म्हाताऱ्या शिपायाला सांभाळायचे ते घरानेच, हे त्यात गृहीत धरलेले होते. त्या काळी ते बहुधा खरेही असावे. पण ज्याला घरच नाही त्याचे काय? थाळनेरच्या अरबांसारखे परमुलखातून आलेले शिपाई या हिशेबात बसत नाहीत.

इंग्रजांनी खानदेश घेतल्यावर हाच हिशेब वेगळ्या रीतीने मांडला. १८२५ मध्ये जेम्स आउट्रमने धरणगावला भिल्ल पलटण उभी केली. त्याच सुमारास नेमलेले भिल्ल एजंट डोंगरातल्या माणसांना तगाई देऊन शेतीवर बसवू लागले. म्हणजे बंदूक आणि नांगर ही एकाच धोरणाची दोन अवजारे होती. पगारी शिपाई नंतर स्थिरावेल आणि गावाला धरून राहील, अशी त्यामागची अटकळ. आउट्रमच्या शिकारीच्या गोष्टी पुष्कळ लिहिल्या गेल्या आहेत. त्याच्या पलटणीतून निवृत्त झालेल्या एकाही शिपायाच्या म्हातारपणाचे वर्णन आमच्या वाचनात आलेले नाही. १८९१ मध्ये ही पलटण पोलिसांत विलीन झाली.

या व्यवस्थेची दुसरी बाजू खाज्या नाईकाच्या चरित्रात दिसते. सेंधव्याच्या घाटरस्त्याची राखण करणारा हा कंपनीचाच माणूस. एका संशयिताच्या मृत्यूवरून त्याची चाकरी गेली आणि त्याने तुरुंग भोगला. १८५७ मध्ये तो उठला. ११ एप्रिल १८५८ रोजी सातपुड्यात अंबापाणीला त्याच्या लोकांची इंग्रजांशी लढाई झाली, तेव्हा समोरच्या फौजेत भिल्लही होते. एकाच डोंगरातली माणसे. एकाची चाकरी चालू, दुसऱ्याची सुटलेली. खाज्याच्या बंडाची कारणे एवढ्यावरच संपतात असे आम्ही म्हणत नाही. पण चाकरीवरून काढलेल्या माणसाला पोसणे राज्याला किती स्वस्त पडले असते, असे वाटल्यावाचून राहत नाही.

निवृत्तिवेतनाने काय होऊ शकते, हे पाहायला खानदेश सोडून कोकणात जावे लागते. दापोलीला कंपनीची वृद्ध सैनिकांची एक पलटण १८५७ पर्यंत होती, आणि पुढेही पेन्शनर तिथे राहत आले. गोपाळबाबा वलंगकर तिथलेच. सुभेदार रामजी सकपाळांनीही निवृत्तीनंतर काही काळ दापोलीतच बिऱ्हाड केले. महारांची लष्करभरती बंद झाली तेव्हा तिच्याविरुद्ध अर्ज लिहिणारे हात याच पेन्शनरांतून आले. महिन्याची ठरलेली रक्कम हाती असल्यामुळे वतनदाराचे तोंड पाहावे लागत नव्हते. धरणगावला असे काही घडले नाही. भिल्ल शिपायाला वेतन मिळाले. शाळा आणि लिहिते शेजारी मिळाले नाहीत, हा आमचा तर्क.

स्वातंत्र्यानंतरही घडण फारशी बदलली नाही. ७ डिसेंबरचा ध्वजदिन १९४९ पासून पाळला जातो. जिल्ह्याजिल्ह्यात सैनिक कल्याण कार्यालये आहेत, सैनिकांच्या मुलामुलींसाठी वसतिगृहे आहेत. माजी सैनिकांसाठी अंशदायी आरोग्ययोजना २००३ मध्ये आली. पण कमरेखाली लुळ्या झालेल्या जवानाने कायम राहावे अशी जागा म्हणजे खडकीचे पुनर्वसन केंद्र, १९७४ मधले, धुळ्याहून तीनशे किलोमीटरांपलीकडे. त्याच खडकीत दुसऱ्या महायुद्धातल्या १६६८ कबरी एका मापाच्या शिळांखाली राखल्या आहेत. पहिल्या महायुद्धाच्या काळात हिंदुस्थानात मेलेल्या आणि ज्यांच्या कबरी राखणे पुढे शक्य झाले नाही अशांची नावेही तिथल्या स्मारकावर कोरली आहेत. ज्यांचे दहन होते त्यांच्यासाठी कबरीचा प्रश्न येत नाही, हे खरे; नावाचा प्रश्न येतो.

नाव टिकते ते कागदावर. ३१ डिसेंबर १९२६ रोजी राजवाडे धुळ्यात वारले आणि पुढच्याच वर्षी तिथे त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले. पानिपताची पत्रे छापून मराठी इतिहासाला सरदारांच्या अक्षरांपर्यंत नेणाऱ्या या माणसाच्या दप्तरांतही शिपाई भेटतो तो बहुधा हिशेबात: इतकी माणसे, इतका रोजमुरा.

आजचा माजी सैनिकही सरकारला असाच कागदावर भेटतो. दर नोव्हेंबरात त्याला हयातीचा दाखला द्यावा लागतो. २०१४ पासून तो अंगठ्याच्या ठशावर संगणकातूनही देता येतो. नांगर धरून, बंदूक धरून झिजलेल्या अंगठ्याच्या रेषा यंत्राला पहिल्या खेपेस उमटत नाहीत. मग सून किंवा नातू तो अंगठा ओल्या फडक्याने पुसून पुन्हा काचेवर टेकवतात.