मुंबई ते तेल अवीव व्हाया दुबई: अंतर किती, वेळ किती

मुंबई ते तेल अवीव सरळ हवाई अंतर सुमारे ४,०५० किलोमीटर आहे. मुंबई ते दुबई सुमारे १,९३० आणि दुबई ते तेल अवीव सुमारे २,१३०, म्हणजे बेरीज ४,०६०. दुबईला उतरून गेलं तरी वाट दहा-पंधरा किलोमीटरच वाढते. घरात पृथ्वीचा गोल असेल तर दोन्ही शहरांमध्ये दोरा ताणून बघा, दुबई त्या दोऱ्याला जवळजवळ चिकटूनच दिसेल.

अंतर पूर्वीही तेवढंच होतं, पण ही वाट बंद होती. सौदीसारखे देश इस्राएलला जाणारी विमाने आपल्या आकाशातून सोडत नसत. म्हणून एल आलचे मुंबईचे विमान अरबस्तानाला दक्षिणेकडून वळसा घालून तांबड्या समुद्रावरून जाई. आठेक तास लागत. २२ मार्च २०१८ रोजी एअर इंडियाचे दिल्लीचे विमान प्रथमच सौदीवरून तेल अवीवला गेले. २६ नोव्हेंबर २०२० रोजी फ्लायदुबईची दुबई–तेल अवीव सेवा सुरू झाली.

आता वेळेचा हिशोब. मुंबई–दुबई सुमारे तीन तास, दुबई–तेल अवीव सुमारे साडेतीन. मधली थांबणूक तीन तासांची धरली तर एकूण साडेनऊ. घड्याळ मात्र फसवतं. भारत दुबईच्या दीड तास पुढे, आणि इस्राएलच्या हिवाळ्यात साडेतीन, उन्हाळ्यात अडीच तास पुढे. समजा, डिसेंबरात शुक्रवारी पहाटे ४.३० ला मुंबईहून निघालात, तर दुबईला तिथले ६ वाजतील आणि तेल अवीवला तिथले सकाळचे १०.३०. पण तिथे डिसेंबरात सूर्य साडेचारच्या सुमारास मावळतो. दुबईचे पुढचे विमान चुकलं तर शब्बाथ लागण्याआधी घरी पोचणं कठीण. म्हणून शुक्रवारचे तिकीट काढूच नये, गुरुवारचे काढावे, असं माझं स्पष्ट मत.

दोन्ही विमाने एकाच तिकिटावर घ्या. वेगवेगळी स्वस्त तिकिटे काढली की बहुतेक वेळा सामान दुबईत सोडवून पुन्हा द्यावं लागतं, आणि त्यासाठी बाहेर पडायचं तर भारतीय पासपोर्टवाल्यांना अमिरातीचा व्हिसा लागतो. एका विमानातून दुसऱ्यात जाताना टर्मिनल बदलत नाही ना, तेही विचारून घ्या. टर्मिनल २ धावपट्टीच्या एका बाजूला आहे, १ आणि ३ पलीकडच्या बाजूला.

ज्यांचा लेक-जावई किंवा भाचा अल कुसैसला राहतो, त्यांनी व्हिसा काढून एक रात्र तिथे मुक्काम करावा. हा भाग शारजाच्या हद्दीला लागून आहे, भारतीय वस्ती भरपूर, आणि टर्मिनल २ त्याच बाजूला असल्याने टॅक्सीने थोडक्यात पोचता येतं. मेट्रोची ग्रीन लाइनही अल कुसैसवरून जाते, पण गुडघे दुखत असतील तर सामान घेऊन तिच्या वाटेला जाऊ नका. व्हीलचेअर तिकीट काढतानाच सांगून ठेवा. ऐनवेळी मागितली तर ताटकळत बसावं लागतं.

लढाई पेटली की आकाश बंद होतं, जसं जून २०२५ मध्ये इस्राएलचं झालं. निघायच्या आदल्या दिवशी विमान आहे का ते कंपनीला फोन करून विचारा. कोडीन किंवा ट्रामाडॉल असलेल्या वेदनाशामक गोळ्यांवर अमिरातीत कडक नियम आहेत. अशी गोळी चालू असेल तर परवानगीचं आधीच विचारा, आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या पिशवीत ठेवा.