मृत्तिकेची खानेसुमारी

मातीतील सूक्ष्म जीवांची खानेसुमारी करण्याची रूढ रीत दीर्घकाळ एकच होती: चिमूटभर माती पाण्यात कालवावी, ते पाणी उत्तरोत्तर विरल करावे, पोषक द्रव्याच्या तबकडीवर त्याचा थेंब पसरावा आणि जे ठिपके उगवतील ते मोजावेत. या रीतीची थोरवी नाकारणे कृतघ्नपणाचे होईल, कारण तिच्याच आधाराने १९४३ साली अमेरिकेतील रटगर्स येथे सेलमन वॅक्समन व त्यांचे शिष्य आल्बर्ट शॅट्झ यांना स्ट्रेप्टोमायसिन हे प्रतिजैविक गवसले आणि क्षयाच्या असंख्य रोग्यांना जीवदान मिळाले. तथापि तीच माती सूक्ष्मदर्शकाखाली धरली असता जेवढे जीव दिसत, त्यांतील शेकडा एकही पुष्कळदा तबकडीवर उगवत नसे. बाकीची सारी रयत दफ्तराबाहेरच राही.

या रयतेची पहिली विश्वसनीय मोजदाद नॉर्वेतील बर्गन विद्यापीठात विग्दिस टोर्स्विक यांनी केली, आणि माझ्या मते तिचे श्रेय त्यांना पुरतेपणी मिळालेले नाही. मातीतील जीवाणू न वाढविताच त्यांचा डीएनए वेगळा काढण्याची पद्धत त्यांनी १९८० साली प्रसिद्ध केली. काम मोठे जिकिरीचे. कुजलेल्या पाचोळ्याचे काळपट ह्यूमिक द्रव्य डीएनएबरोबर येते, आणि ते दूर होईपर्यंत हायड्रॉक्सिॲपटाइट या खनिजाच्या साहाय्याने डीएनएची पुनःपुन्हा शुद्धी करावी लागे. पुढे योस्टाइन गोक्सोयर व फ्रिदा लिसे डाए यांच्यासह त्यांनी जी युक्ती योजिली, ती तिच्या साधेपणामुळेच मला अपूर्व वाटते. डीएनए तापविला की त्याचे दोन पेड सुटतात व निवविला की आपापल्या जोडीदाराशी पुन्हा जुळतात. विविधता जितकी अधिक, तितका हा जोडीदार, भरल्या जत्रेत चुकलेल्या सोबत्याप्रमाणे, उशिरा भेटतो. जुळलेले पेड अतिनील प्रकाश कमी शोषतात. म्हणून एक मिलिमीटर प्रकाशमार्गाच्या पात्रात तो द्रव ठेवून शोषणाचा आकडा किती सावकाश उतरतो, हे पाहत राहावयाचे. १९९० साली हिशेब प्रसिद्ध झाला: वनातील एका मातीत सुमारे ४,००० सर्वस्वी भिन्न जीनसंचयांइतकी विविधता होती, तबकडीवर वाढविलेल्या जीवाणूंहून शंभर पटींपेक्षाही अधिक.

या मोजदादीत संख्या होती, नावे नव्हती. कार्ल वूज यांनी रायबोसोमच्या आरएनएवरून जीवांची वंशावळ लावून १९७७ साली आर्किया या सूक्ष्म जीवांचा निराळा वंश दाखविला होता. तीच कसोटी नॉर्मन पेस यांनी न वाढविलेल्या जीवांना लावली, आणि मग मातीतील अनामिकांनाही कुळे लाभू लागली. मातीतील समस्त जीनसंचयाला १९९८ मध्ये जो हँडेल्समन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘मेटाजीनोम’ म्हटले. २०१८ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात शॉन ब्रॅडी यांच्या चमूने मातीतून काढलेल्या डीएनएचे खंड प्रयोगशाळेत सहज वाढणाऱ्या स्ट्रेप्टोमायसिस कुळातील जीवाणूत घातले आणि त्याच्याकडून मॅलासिडिन हे नवे प्रतिजैविक करवून घेतले. ज्या जीवाणूची ती मूळ विद्या, तो कोणी कधी वाढविलाच नव्हता.