रेल्वे संकेतव्यवस्था
लोहमार्गाचा पुढील टप्पा मोकळा आहे किंवा नाही आणि गाडी कोणत्या मार्गाने जाणार आहे, हे चालकास ठराविक खुणांनी कळविणारी व्यवस्था. पोलादी चाक व पोलादी रूळ यांमधील घर्षण अल्प असल्याने भरधाव गाडी थांबण्यास लागणारे अंतर चालकाच्या दृष्टीच्या टप्प्यापेक्षा बहुधा अधिक असते. शिवाय बाजूस वळून अडथळा टाळणे तिला शक्य नसते. त्यामुळे चालकास स्वतःच्या डोळ्यांपेक्षा संकेतावर अधिक विसंबावे लागते. संकेत खोटा ठरल्यास काय होते, याचा अनुभव घेत घेतच ही व्यवस्था घडली आहे.

आरंभी ग्रेट ब्रिटनमध्ये एक गाडी गेल्यावर ठराविक मिनिटे दुसरी अडवून धरण्याची कालांतर-पद्धती रूढ होती. पहिली गाडी वाटेत अडकल्यास मागच्या गाडीस ते कळण्याचा मार्ग या पद्धतीत नव्हता. १८४१ च्या सुमारास चार्ल्स ग्रेगरी यांनी खांबावरील हलत्या बाहूचा सेमाफोर संकेत रेल्वेवर आणला. खूण लांबून दिसू लागली. परंतु ती दाखविणाऱ्यास पुढची माहिती पूर्वीइतकीच अपुरी होती. १८४२ मध्ये विल्यम कुक यांनी मार्गाचे खंड पाडावेत आणि तारायंत्राने खात्री करून एका खंडात एका वेळी एकच गाडी सोडावी, असे सुचविले. हीच खंड-पद्धती किंवा ब्लॉक-पद्धती होय. कंपन्यांनी मात्र खर्चाच्या सबबीवर ती दीर्घकाळ टाळली.

ब्रायटनजवळील क्लेटन बोगद्यात २५ ऑगस्ट १८६१ रोजी झालेल्या अपघाताने अर्धवट सुधारणेचा धोका दाखवून दिला. मार्गावर कालांतर-पद्धती होती. फक्त बोगद्याच्या दोन टोकांमध्ये तारायंत्र होते. दुसरी गाडी पहिलीच्या मागोमाग आत शिरली आणि लाल निशाण दिसल्याने आतच थांबली. बोगदा मोकळा झाला काय, हे संकेतवाल्याने दुसऱ्या गाडीसंबंधी विचारले. पलीकडच्याने पहिल्या गाडीसंबंधी होकार दिला. तिसरी गाडी सोडण्यात आली व २३ माणसे मृत्युमुखी पडली. दोघांपैकी कोणीही खोटे बोलले नव्हते, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

सांधे एका दिशेस आणि संकेत दुसऱ्या मार्गाचा, असे होऊ नये म्हणून दोहोंच्या तरफा परस्परांत अडकविण्यास अंतर्बंधन म्हणतात. या दिशेने जॉन सॅक्स्बी यांनी १८५६ मध्ये एकस्व घेतले. परस्परविरोधी तरफ जागची हलतच नसल्यामुळे केबिनमधील माणसाच्या स्मरणशक्तीवरील भार बराच हलका झाला.

तथापि यंत्रही बिघडते. हंटिंग्डनच्या उत्तरेस ॲबट्स रिप्टन येथे २१ जानेवारी १८७६ रोजी हिमवादळात सेमाफोरचे बाहू बर्फाने गोठून ‘जा’ या स्थितीतच अडकले. मोकळेपणा हीच त्या काळी बाहूची नेहमीची स्थिती मानली जाई. लंडनकडे निघालेली वेगवान गाडी कोळशाच्या मालगाडीवर आदळली आणि त्या ढिगाऱ्यावर समोरून येणारी दुसरी गाडी येऊन धडकली. यानंतर धोका हीच संकेताची मूळ स्थिती असावी व गाडीपुरताच तो मोकळा करावा, हे तत्त्व रुजले. भारतात दीर्घकाळ वापरलेल्या खाली झुकणाऱ्या बाहूला (‘सिग्नल पडला’ म्हणजे गाडीस वाट मिळाली, हा आपल्याकडील बोलण्याचा प्रघात यावरूनच पडला) याच कारणाने प्रतिभार लावलेला असे. तार तुटल्यास बाहू खाली न पडता आडवा होई. बोरघाटातील कॅच सायडिंगचे सांधेही याच विचाराने मुळात चढावरील बंद मार्गाकडे लावलेले असतात. उतारावरील गाडी ताब्यात असल्याची खात्री पटल्यावरच ते मुख्य मार्गाकडे वळवितात.

ब्रेकची कथा निराळी नाही. आयर्लंडमधील आर्मा येथे १२ जून १८८९ रोजी मुलांची सहलीची गाडी चढावर अडकली. तिचे मागील डबे सोडून पुढचे पुढे नेण्याचे ठरले. परंतु साधा निर्वात ब्रेक एंजिनापासून सुटताच निरुपयोगी होत असे. चाकांखाली दगड लावले होते. पुढच्या भागाचा किंचित धक्का बसताच डबे उताराने निघाले आणि कालांतर-पद्धतीने मागून सोडलेल्या गाडीवर आदळले. सु. ८० जण मरण पावले. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने प्रवासी मार्गांवर खंड-पद्धती, अंतर्बंधन व स्वयंचलित अखंड ब्रेक सक्तीचे करण्याचा कायदा केला. स्वयंचलित ब्रेकमध्ये नळीतील दाब ब्रेक लावीत नाही, तर सोडवून धरतो. डबा सुटला, नळी फाटली किंवा प्रवाशाने साखळी ओढली, की दाब घटून ब्रेक आपोआप लागतो. जॉर्ज वेस्टिंगहाउस यांनी ही रचना १८७२ मध्ये सिद्ध केली.

त्याच वर्षी अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील विल्यम रॉबिन्सन यांनी शोधलेले रूळमंडल या तत्त्वाचा सर्वांत सुबक आविष्कार म्हणता येईल. रुळाचा एक भाग विद्युत् निरोधकांनी अलग करून त्यातून क्षीण प्रवाह सोडतात व त्याने एक रिले आकर्षित राहतो. गाडीच्या चाकांचा आस दोन्ही रुळांना जोडताच प्रवाह रिलेपर्यंत पोहोचत नाही आणि संकेत लाल होतो. रूळ तुटला किंवा विद्युत् घट संपला, तरी परिणाम तोच. यावर आधारलेले स्वयंचलित रंगदीप संकेत भारतात प्रथम १९२८ मध्ये मुंबईच्या व्हिक्टोरिया टर्मिनस–भायखळा मार्गावर आले. एकेरी मार्गांवर मात्र टोकनचा गोळा हीच चालकाची सनद असे. दोन स्थानकांच्या जोडयंत्रांतून एका वेळी एकच गोळा निघे.

ओडिशातील बहानगा बाजार स्थानकात २ जून २०२३ रोजी कोरोमंडल एक्सप्रेसला मुख्य मार्गाचा हिरवा संकेत मिळाला असताना सांधा बाजूच्या मार्गाकडे होता आणि तेथे मालगाडी उभी होती. २९० हून अधिक लोक मृत्युमुखी पडले. पूर्वी संकेतमंडलात केलेला फेरफार आणि फाटकाच्या अडसराचे चालू काम यांतील चुका रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत आढळल्या. तार तुटणे वेगळे आणि ती चुकीच्या जागी जोडली जाणे वेगळे. पहिल्यात संकेत लाल होतो, दुसऱ्यात तो हिरवा राहू शकतो. २०२० मध्ये राष्ट्रीय प्रणाली म्हणून स्वीकारलेली ‘कवच’ ही व्यवस्था लाल संकेत ओलांडू पाहणाऱ्या गाडीस ब्रेक लावते. मात्र संकेताची माहिती तिलाही अंतर्बंधनाकडूनच मिळते.