मोहीम शिखराची, धोका वाटेवरच्या जंगलाचा

हिमालयातील मोहिमांविषयी बोलताना हिमप्रपात, विरळ हवा आणि हिमदंश यांचा उल्लेख हमखास होतो; सर्पदंशाचा क्वचितच. ज्या शिखरांची वाट दमट अरण्यातून जाते, तेथे मात्र हा धोका गृहीत धरावाच लागतो. म्यानमारच्या उत्तर टोकावरील ५८८१ मीटर उंचीचे हकाकाबो राझी हे असेच एक शिखर. त्याच्यावर पहिली यशस्वी चढाई १९९६ मध्ये झाली. पुताओ या गावापासून पायथ्यापर्यंत अनेक दिवस पावसाळी जंगल, जळवा आणि झुलते पूल ओलांडत चालावे लागते. याच पर्वताच्या परिसरात २००१ मध्ये घडलेली एक घटना आजही मोहिमांच्या नियोजनासाठी मार्गदर्शक ठरते.

तज्ज्ञालाही चुकवणारा साप

जोसेफ स्लोविन्स्की हे सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया अ‍ॅकॅडमी ऑफ सायन्सेस या संस्थेतील सर्पतज्ज्ञ. म्यानमारमधील सापांवर त्यांनी अनेक वर्षे काम केले होते. सप्टेंबर २००१ मध्ये ते शास्त्रज्ञांचे पथक घेऊन हकाकाबो राझीच्या परिसरात गेले. ११ सप्टेंबरच्या सकाळी राट बॉ या खेड्यात सहकाऱ्यांनी पकडून आणलेला एक लहानसा साप पिशवीत होता. तो बिनविषारी असावा, अशी समजूत होती. स्लोविन्स्कींनी पिशवीत हात घातला आणि साप बोटाला चावला. ते मण्यारीचे पिल्लू होते.

दंशाची खूण जेमतेम दिसत होती. काही वेळाने हाताला मुंग्या येऊ लागल्या. पुढे काय होणार, हे त्यांनी स्वतःच सहकाऱ्यांना सांगून ठेवले. दुपारपर्यंत श्वास बंद पडू लागला. सहकाऱ्यांनी आळीपाळीने तोंडाने श्वास देत त्यांना सुमारे एक दिवस जिवंत ठेवले. मदतीसाठी माणूस पायी पाठवावा लागला आणि खराब हवामानामुळे हेलिकॉप्टर पोहोचू शकले नाही. १२ सप्टेंबरला त्यांचा मृत्यू झाला, तेव्हा त्यांचे वय ३८ होते.

या घटनेला पुढे आणखी एक जोड मिळाली. २०२१ मध्ये संशोधकांनी चीनचा युन्नान प्रांत आणि उत्तर म्यानमार या भागातील मण्यारीची 'बंगारस सुझेनी' ही स्वतंत्र प्रजाती नोंदवली. स्लोविन्स्कींना चावलेला साप याच प्रजातीचा असावा, असे मानले जाते. म्हणजे त्या वेळी त्या सापाची शास्त्रीय ओळखही पूर्ण झालेली नव्हती.

विष काय करते?

मण्यारीचे विष मज्जातंतू आणि स्नायू यांच्यातील संदेशवहन तोडते. आधी पापण्या जड होतात, मग बोलणे व गिळणे अवघड होते आणि शेवटी श्वसनाचे स्नायू लुळे पडतात. या काळात रुग्ण शुद्धीवर असू शकतो. दंशाच्या जागी वेदना किंवा सूज बहुधा नसते, त्यामुळे दंशाकडे दुर्लक्ष होते. प्रतिविष रक्तातील मोकळे विष निष्प्रभ करते. मज्जातंतूंच्या टोकांना झालेली इजा त्याने भरून येत नाही. ती भरून येईपर्यंत, कधीकधी कित्येक दिवस, रुग्णाला कृत्रिम श्वासोच्छ्वासावर ठेवावे लागते. वेळेत व्हेंटिलेटर मिळाल्यास असे रुग्ण पूर्ण बरे होऊ शकतात. जंगलात नेमका तोच मिळत नाही.

सह्याद्रीतही हाच प्रश्न

महाराष्ट्रातील गिर्यारोहकांसाठी हा विषय दूरचा नाही. सह्याद्रीतही मण्यार आहे आणि तिच्यासारखा दिसणारा बिनविषारी कवड्याही आहे. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. गडावरील गुहेत किंवा देवळात मुक्काम करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. कारवीत, झुडपांत आणि कड्याच्या कपारीत हिरवा चापडा असतो. चढाई करताना हात आधी आणि नजर नंतर गेली, तर दंश होण्याचा संभव असतो.

भारतात मिळणारे बहुगुणी प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांसाठी तयार केलेले आहे. चापड्याच्या विषावर त्याचा भरवसा धरता येत नाही. परदेशातील सापांबाबतही तसेच. शिवाय ते शिरेतून द्यावे लागते आणि त्याची तीव्र प्रतिक्रिया उमटू शकते. म्हणून केवळ कुपी पिशवीत ठेवल्याने प्रश्न सुटत नाही. सोबत प्रशिक्षित डॉक्टर हवा.

मोहिमेपूर्वी आणि दंशानंतर

० व्हेंटिलेटर व प्रतिविष असलेले जवळचे रुग्णालय कोणते आणि तेथे पोहोचण्यास किती तास लागतील, हे निघण्यापूर्वी लेखी नोंदवावे.
० संपर्काचे साधन निश्चित करावे. भारतात सॅटेलाइट फोनसाठी सरकारी परवानगी लागते.
० हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी सोबत ठेवावी आणि ती वापरण्याचा सराव किमान दोघांनी केलेला असावा.
० रात्री विजेरीशिवाय फिरू नये, बंद तंबूत किंवा नीट खोचलेल्या मच्छरदाणीत झोपावे, बूट झटकून घालावेत.
० साप ओळखीचा वाटला, तरी हाताळू नये.
० दंश झाल्यास अंगठी, घड्याळ काढावे, अवयव फळीच्या आधाराने स्थिर करावा आणि रुग्णाला चालवू नये, उचलून न्यावे. जखम कापणे, चोखणे किंवा आवळपट्टी बांधणे टाळावे.
० लक्षणे नाहीत म्हणून थांबू नये. मण्यारीच्या दंशात ती काही तासांनी दिसू शकतात.

शेवटच्या सूचनेकडेच सर्वाधिक दुर्लक्ष होते. दंशानंतर माणूस बोलत-चालत असतो, तेव्हाच त्याला खाली नेण्याचा निर्णय घ्यावा लागतो. त्यासाठी मोहीम थांबवण्याचा अधिकार कोणाचा, हे पथकाने निघण्यापूर्वीच ठरवून ठेवले पाहिजे.