सारंग आणि ऑनसाइट कोऑर्डिनेटर: दूरच्या धन्याच्या कामाचा पूर्वेतिहास

आरे-वारे ही रत्नागिरी शहराच्या उत्तरेस, गणपतीपुळ्याकडे जाणाऱ्या सागरी रस्त्यालगतची किनाऱ्यावरची गावे असून माहिती-तंत्रज्ञान उद्योगाशी त्यांचे नाव सहसा कोणी जोडत नाही. तरीही एका देशातील कंपनीने आपले संगणकीय काम दुसऱ्या, दूरच्या देशातील माणसांकडून करून घ्यावे, ही जी पद्धत ‘ऑफशोअर आउटसोर्सिंग’ म्हणून ओळखली जाते, तिचा विचार या किनाऱ्यापासून सुरू करणे उचित ठरते. परक्या धन्याचे काम करायचे, ते त्याच्या शिस्तीने आणि त्याच्या घड्याळाने करायचे, आणि घर मात्र आपल्या गावाच्या चालीने चालवायचे, ही कसरत रत्नागिरी जिल्ह्याने मुंबई-पुण्यातील संगणक कंपन्यांच्या कितीतरी आधी केलेली आहे. सांस्कृतिक अंतर, म्हणजे वरिष्ठ-कनिष्ठ नाते, वेळ, शब्द, नकार आणि सुट्टी यांविषयीच्या दोन समाजांच्या वेगवेगळ्या समजुती, हा विषय व्यवस्थापनशास्त्राने गेल्या चार-पाच दशकांत हाती घेतला. परंतु ते अंतर कोण बुजवतो आणि त्याची किंमत कोण मोजतो, या प्रश्नाचे उत्तर जुन्या बोटींवर अधिक स्पष्ट दिसते.

डोंगर आणि कातळ यांनी व्यापलेली जमीन, पावसावरचे भाताचे एकच मुख्य पीक आणि खोतीचा भार यांमुळे रत्नागिरी जिल्ह्यातील कुटुंबांना बाहेरच्या मिळकतीवाचून पर्याय उरला नव्हता, आणि किनाऱ्यावरील लोकांना समुद्राची ओळख पिढीजात होती. एकोणिसाव्या शतकात वाफेच्या बोटी आल्यावर मुंबई बंदरातून सुटणाऱ्या ब्रिटिश कंपन्यांच्या जहाजांना स्वस्त खलाशी हवे होते. इंग्रजी कागदपत्रांत ‘लस्कर’ म्हटल्या गेलेल्या या खलाशांपैकी डेकवर काम करणाऱ्यांत रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील माणसांचा, विशेषतः कोकणी मुसलमानांचा, मोठा वाटा होता, तर प्रवाशांच्या सेवेच्या विभागात गोव्याचे लोक असत. लस्करांचे करार युरोपीय खलाशांच्या करारांहून वेगळे असत, त्यांना पगार युरोपीय खलाशाच्या एक-तृतीयांश किंवा त्याहूनही कमी मिळे, आणि त्यांनी परदेशी बंदरात स्थायिक होऊ नये, मायदेशीच त्यांची सुटका व्हावी, अशा अटी कायद्याने आणि कराराने घातलेल्या असत. म्हणजे श्रम विकत घ्यायचे, परंतु श्रम करणाऱ्याचे भरणपोषण त्याच्या गावच्या भावाने मोजायचे, हे तत्त्व तेव्हाच पक्के झाले होते.

या व्यवस्थेचा कणा म्हणजे सारंग. सारंग हा डेकवरील भारतीय खलाशांचा मुख्य आणि तांडेल हा त्याचा दुय्यम, असा क्रम होता; मात्र सारंगाचे काम केवळ देखरेखीचे नव्हते. तो आपल्या गावातून, आपल्या नात्यागोत्यातून माणसे जमवी, त्यांना घर सोडताना उचल देई, गोऱ्या अधिकाऱ्याचा हुकूम त्यांच्या बोलीत त्यांच्यापर्यंत पोहोचवी आणि त्यांचे गाऱ्हाणे, पोहोचवलेच तर, अधिकाऱ्याला रुचेल अशा शब्दांत मांडी. रमजानचे रोजे, मोहरम, वेगळी चूल आणि तिच्यावरचा भंडारी, म्हणजे खलाशांचा स्वयंपाकी, या साऱ्या गोष्टी जहाजाच्या दिनक्रमात बसवण्याचे कौशल्य त्याच्याकडे असे. या बदल्यात त्याला जी सत्ता मिळे ती मोठी होती. नोकरी देणारा तोच आणि काढणारा तोच असल्यामुळे खलाशाच्या पगाराचा एक हिस्सा त्याच्याकडे व दलालाकडे जाई, आणि १९३१ मध्ये अहवाल सादर करणाऱ्या रॉयल कमिशन ऑन लेबर या आयोगानेही खलाशी-भरतीतील लाचखोरीची दखल घेतली होती. जहाज कंपन्यांना हे सारे ठाऊक असूनही ही व्यवस्था दीर्घकाळ टिकली, कारण परक्या माणसांना समजून घेण्याचा सगळा त्रास कंपनीच्या वतीने सारंग घेत होता आणि त्याचा खर्च खलाशाच्या खिशातून वसूल होत होता.

येथे एक बारकावा नोंदवण्यासारखा आहे. जहाजावर धन्याच्या बाजूनेही थोडेफार शिकणे घडले होते. टॉमस रोबक या अधिकाऱ्याने १८११ मध्ये कलकत्त्यात इंग्रजी-हिंदुस्तानी नाविक कोश प्रसिद्ध केला. हिंदुस्तानी, पोर्तुगीज, फारसी, मराठी अशा अनेक भाषांतील शब्दांची सरमिसळ असलेली खलाशांची बोली गोऱ्या अधिकाऱ्यांना कामापुरती यावी, हा त्याचा हेतू होता आणि पुढे त्याच्या सुधारित आवृत्त्याही निघाल्या. हुकूम देण्यापुरते का होईना, अधिकाऱ्याला कामगाराच्या भाषेकडे यावे लागले. दीडशे वर्षांनंतरच्या संगणक उद्योगात गिऱ्हाइकाला एवढेही करावे लागले नाही, कारण वासाहतिक काळातील इंग्रजी शिक्षणाने भाषेचा खर्च भारतीय समाजाकडून आधीच भरून घेतला होता.

समुद्राइतकीच दुसरी वाट मुंबईच्या गिरण्यांची होती. १९११ आणि १९२१ या दोन्ही शिरगणतींच्या वेळी मुंबईत राहणाऱ्या, परंतु रत्नागिरी जिल्ह्यात (तेव्हा आजचा सिंधुदुर्गही त्यातच होता) जन्मलेल्या लोकांची संख्या दोन लाखांच्या वर होती. तेथे सारंगाची जागा जॉबरने, म्हणजे मुकादमाने घेतली होती, आणि गणपती, शिमगा किंवा लावणीसाठी गावी गेलेल्या कामगाराच्या जागी तो ‘बदली’ माणूस उभा करी. गिरणीमालक याला गैरहजेरी म्हणत. चाकरमान्याच्या दृष्टीने मात्र तो करारात न लिहिलेला हक्क होता.

संगणकाच्या क्षेत्रातील आरंभ याच मुंबईत झाला. टाटा समूहाने १९६८ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस स्थापन केली आणि फकीरचंद कोहली यांच्या नेतृत्वाखाली तिने अमेरिकेतील बरोज या संगणक कंपनीशी संबंध जोडला. परकीय चलनाची तीव्र टंचाई असल्यामुळे बाहेरून संगणक आणायचा तर सॉफ्टवेअर निर्यात करून तेवढे चलन मिळवण्याची हमी सरकारला द्यावी लागे, आणि या अटीपोटी निर्यातीला चालना मिळाली. १९७४ मध्ये कंपनीने घेतलेल्या पहिल्या निर्यात-कामात रुग्णालयाच्या हिशेबाची प्रणाली बरोजच्या एका प्रकारच्या यंत्रावरून दुसऱ्या प्रकारच्या यंत्राच्या कोबोल भाषेत (व्यापारी हिशेबासाठी तयार केलेल्या संगणकीय भाषेत) उतरवायची होती, आणि ते काम मुंबईत आयसीएल १९०३ या सर्वस्वी वेगळ्या बनावटीच्या संगणकावर पार पाडले गेले. ज्या यंत्रासाठी लिहायचे ते यंत्र आणि ज्याच्यासाठी लिहायचे तो माणूस, दोन्हीही समोर नसताना काम अचूक उतरवणे, हे या धंद्याचे मूळ कसब तेथेच दिसून आले. अंधेरीला सीप्झ हे निर्यात-प्रक्रिया क्षेत्र १९७३ मध्ये सुरू झाले होते. त्याच वर्षीच्या परकीय चलन नियमन कायद्यानुसार परदेशी कंपन्यांना भारतातील आपली मालकी ४० टक्क्यांपर्यंत खाली आणणे भाग पडू लागले, ते मान्य नसलेली आयबीएम १९७८ मध्ये देश सोडून गेली, आणि तिच्यामागे उरलेली पोकळी देशी कंपन्यांनी भरून काढली.

सांस्कृतिक अंतराच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचा प्रयोग नरेंद्र पटणी आणि पूनम पटणी या दांपत्याचा मानावा लागेल. अमेरिकेतील केंब्रिज येथील आपल्या राहत्या घरात त्यांनी एका खोलीला अमेरिका आणि दुसरीला भारत मानले, आणि एकमेकांशी न बोलता केवळ लेखी सूचनांवर काम पुरे करता येते का, हे तपासले, अशी त्या प्रयोगाची हकीकत या उद्योगात नेहमी सांगितली जाते. कागदावरचा मजकूर संगणकाला वाचता येईल अशा रूपात आणण्याचे काम भारतात करून घेण्याचा त्यांचा व्यवसाय १९७० च्या दशकाच्या आरंभी सुरू झाला आणि पुढे १९७८ मध्ये पटणी कॉम्प्युटर सिस्टिम्स उभी राहिली; तिच्यातूनच बाहेर पडलेल्या नारायण मूर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये पुण्यात इन्फोसिसची स्थापना केली. केंब्रिजमधील त्या खोल्यांचा प्रयोग बुद्धिमान होता यात शंका नाही, परंतु त्यात एक गृहीतक दडलेले होते: दोन्ही खोल्यांत एकाच घरातील, एकाच संस्कारातील माणसे होती. एकाने जे लिहिले नाही तेही दुसऱ्याला कळत होते. प्रत्यक्षात पुण्यातील तरुण अभियंता आणि डेट्रॉइट किंवा न्यूयॉर्कमधील गिऱ्हाईक यांच्यात न लिहिलेले असे सामायिक काहीच नव्हते, आणि पुढील पन्नास वर्षांतील बहुतेक अडचणी या न लिहिलेल्या भागातूनच उद्भवल्या.

त्या अडचणींवर पहिला उपाय निघाला तो माणसेच गिऱ्हाइकाच्या दारी पाठवण्याचा. १९८० च्या दशकात सॉफ्टवेअर निर्यातीचा मोठा भाग अशा ‘ऑनसाइट’ कामाचा होता, आणि माणसांच्या या पुरवठ्याला धंद्याच्या भाषेत ‘बॉडी शॉपिंग’ असे कठोर नाव पडले. १९९० नंतर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्कांनी, ज्यांपैकी एक आरंभीचे पार्क पुण्याचे होते, उपग्रहाद्वारे संदेशवहनाची सोय केली. तेव्हा काम भारतात आणि थोडी माणसे तिकडे, अशी विभागणी शक्य झाली व ‘ऑनसाइट कोऑर्डिनेटर’ ही भूमिका ठळक झाली. हा भारतीय अभियंता दिवसा गिऱ्हाइकाच्या कचेरीत बसे, त्याला काय हवे ते ऐके, त्याने न सांगितलेले ताडून घेई आणि रात्री पुण्या-मुंबईतील गटाला फोनवरून ते उलगडून सांगे. न्यूयॉर्कच्या आणि भारताच्या घड्याळांत हिवाळ्यात साडेदहा आणि उन्हाळ्यात साडेनऊ तासांचे अंतर असते, आणि ते अंतर भरून काढण्यासाठी कोणी जागायचे हे सहसा ठरलेलेच असे. सारंगाशी या माणसाचे साम्य स्पष्ट आहे. भेद इतकाच, आणि तो मोठा आहे, की त्याच्या हाती भरतीची सत्ता नव्हती व पगारातील हिस्सा तो घेत नव्हता.

याच काळात सांस्कृतिक अंतर मोजण्याचे प्रयत्नही झाले. डच संशोधक खेर्ट हॉफस्टेड यांनी आयबीएमच्या अनेक देशांतील कर्मचाऱ्यांकडून १९६७ ते १९७३ या काळात भरून घेतलेल्या प्रश्नावल्यांवरून १९८० मध्ये आपला सिद्धांत मांडला. समाजातील कमी अधिकाराचे लोक विषमता किती स्वाभाविक मानतात, याला त्यांनी ‘सत्ता-अंतर’ म्हटले, आणि या मापावर भारताला ७७, अमेरिकेला ४० व जर्मनीला ३५ गुण दिले. भारतीय अभियंता वरिष्ठासमोर अडचण उघड करीत नाही, अशक्य मुदतीलाही मान डोलावतो, आणि गिऱ्हाईक त्या मान डोलावण्याला वचन समजून चालते, हा नित्याचा अनुभव या आकड्यांनी समजावून दिला जाऊ लागला. त्यात तथ्य आहे, पण ते अपुरे आहे. एका कंपनीच्या नोकरवर्गावरून सबंध देशाचा स्वभाव ठरवणे धाडसाचे असून, शिवाय जो नकार देत नाही त्याच्या मागे संस्कारांइतकेच कंत्राट गमावण्याचे भय आणि व्हिसाचे परावलंबनही उभे असते. सत्तेच्या विषमतेला संस्कृतीचे नाव दिले की गिऱ्हाइकाची जबाबदारी सोयीस्करपणे नाहीशी होते. सुंदीप साहाय, ब्रायन निकोल्सन आणि एस. कृष्णा यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या जागतिक आउटसोर्सिंगवरील ग्रंथात हा प्रश्न अधिक समंजसपणे हाताळला आहे. कृष्णा, साहाय आणि जेफ वॉलशॅम यांच्या २००४ च्या लेखात तर दोन्ही संस्कृतींत वावरलेली सेतुरूप माणसे नेमावीत आणि प्रशिक्षण दोन्ही बाजूंना मिळावे, असा आग्रह आहे.

प्रशिक्षण झाले ते मुख्यतः एका बाजूला. पुण्यात याचे सर्वांत चांगले रूप पाहायला मिळते, कारण रानडे इन्स्टिट्यूट आणि मॅक्सम्युलर भवन यांच्यामुळे जर्मनचे आणि अनेक शिक्षकांच्या चिकाटीमुळे जपानीचे शिक्षण तेथे आधीपासून रुजले होते, आणि जर्मन मोटार कंपन्यांचे किंवा जपानी कारखान्यांचे काम मिळवताना त्या शहराला या जुन्या विद्येचा फार उपयोग झाला. ज्या भाषाशिक्षणाकडे हौस म्हणून पाहिले गेले तेच उद्योगाचे भांडवल ठरले, ही गोष्ट महाराष्ट्राने अभिमानाने सांगावी अशी आहे. मात्र गणपतीत गावी जाणाऱ्या अभियंत्याची सुट्टी गिऱ्हाइकाच्या वेळापत्रकात बसवावी लागते आणि गिऱ्हाइकाचा नाताळ मात्र कोणीही न विचारता पाळला जातो, ही विषमता त्या अभिमानाने झाकली जाऊ नये.

रत्नागिरीत फिनोलेक्स अकॅडमीचे अभियांत्रिकी महाविद्यालय १९९६ मध्ये निघाले, १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली, आणि २०२० च्या टाळेबंदीत गावाकडे परतलेल्या कित्येक अभियंत्यांनी आपल्या घराच्या पडवीतून परदेशी गिऱ्हाइकांचे काम केले. बोटीवर जाणाऱ्यांच्या जिल्ह्यात प्रथमच धन्याचे काम स्वतः चालत घरी आले. या स्थित्यंतराचा इतिहास लिहायचा तर त्याची साधने आताच गोळा केली पाहिजेत. किनाऱ्यावरच्या अनेक घरांत आजही जुन्या खलाशांच्या सीडीसी, म्हणजे जहाजावरील नोकरीच्या नोंदीच्या पुस्तिका, आणि सारंगांची पत्रे जपलेली असतील, आणि सीप्झमध्ये पहिल्या पिढीत काम केलेले प्रोग्रामर आता सत्तरीच्या घरात आहेत. रत्नागिरीतील महाविद्यालयांनी, ग्रंथालयांनी आणि इतिहासाच्या अभ्यासकांनी ही कागदपत्रे व या आठवणी नोंदवून घेण्याचे काम पुढच्या पिढीवर न ढकलता हाती घ्यावे.